नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

नमस्कार मंडळी. बाहेर पावसाची सर थांबायचं नाव घेत नाही, तरी ओटी भरेल इतके जण आलात, मनापासून आभार. घरातले दिवे, पंप, टाकी सांभाळणारा छोटा सर्व्हर आणि त्याचं वायफाय, एवढाच आजचा विषय. एका फोनपासून सुरुवात करतो.

जुलैत भर पावसात डोंबिवलीहून फोन आला. त्या गृहस्थांचं घर गुहागरात. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे नारळ-पोफळीचं आगर आणि आगराच्या टोकाला विहीर. घरात आई एकट्या, वय ७८. पावसात बागेला शिपणं नसतं, पण घरच्या टाकीत पाणी चढतं ते विहिरीतूनच. टाकी किती भरली, पंप चालू की बंद, हे मुलाला तिकडे कळावं म्हणून मे महिन्यात मी त्यांच्याकडे रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली यंत्रं सांभाळणारी प्रणाली, बसवून दिलं होतं. तोच त्यांचा सर्व्हर. मुलगा म्हणाला, "दादा, चार दिवस झाले, पंप दिसतच नाही. आई म्हणते नेट गेलंय." मी विचारलं, पडवीतला दिवा दिसतो का? दिसत होता. तिकडून बंद केला तर बंद होतो का? होत होता.

म्हणजे नेट जागेवर होतं. डोंबिवलीत बसून गुहागरातला दिवा बंद होतोय, तर गावातलं इंटरनेट, राउटर आणि सर्व्हर, तिन्ही धड आहेत. हरवला होता तो विहिरीवरचा पंप एकटा.

"नेट गेलं" हे आपण सरसकट म्हणतो. वैद्यासमोर बसून "बरं वाटत नाही" एवढंच सांगावं, तसं ते आहे. प्रत्यक्षात तिथे तीन वेगवेगळी दुखणी असतात. यंत्र आणि राउटर यांच्यातला हवेतला दुवा तुटतो, ते वायफाय. दुवा असतो पण यंत्राचा पत्ता बदललेला असतो, म्हणून सापडत नाही, ते दुसरं. आणि राउटरपासून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट बंद होते, ते इंटरनेट. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याचं औषध तिसऱ्याला दिलं तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

होम असिस्टंटसारखी व्यवस्था मी कोकणातल्या घरांसाठी आग्रहानं सुचवतो, त्याचं कारण यातच आहे. पाउलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये हे काम सुरू केलं. ते फुकट आहे, खुलं आहे आणि त्याचा मेंदू आपल्या माजघरात राहतो. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी घरातला दिवा लावायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ इथल्या कुणाला सांगायला नको. कित्येक गावांत दिवसचे दिवस वीजही नव्हती आणि फोनही नव्हता. ज्या किनाऱ्यावर वर्षाआड असं काही येतं, तिथे पाण्याचा पंप परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरच्या मर्जीवर ठेवणं मला मान्य नाही. आणि हो, पंपाचा स्टार्टर हातानं चालू-बंद झालाच पाहिजे. मी बसवतो त्या प्रत्येक घरात हिरवं बटण आणि लाल बटण जिथल्या तिथे असतं.

आता पहिली विनंती. काही बिघडलं की लगेच बंद करून चालू करू नका. मला ठाऊक आहे, तेवढ्यानं बरेचदा चालू होतं. म्हणूनच ते घातक. घरगुती राउटर आपली नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. कोण कधी जोडलं गेलं, कोण कधी सुटलं, हे सगळं वीज काढली की पुसलं जातं. चार दिवसांनी तेच दुखणं परत येतं आणि आपण पुन्हा तिथेच उभे. आधी पाच मिनिटं बघा, मग काय ते करा.

बघायचं कसं? फोन घ्या, घरच्या वायफायवर जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका. वायफाय मरतुकडं असलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आत जोडलेल्या यंत्रांची यादी सापडेल. सर्व्हर त्या यादीत नाही, तर हवेतला दुवा तुटला. यादीत आहे, तर त्याच्यासमोरचा आकडा घ्या, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि ८१२३ लिहून उघडून बघा. आकड्यानं उघडलं पण "होमअसिस्टंट डॉट लोकल" या नावानं उघडत नाही, तर वायफायला बोल लावू नका. नावावरून पत्ता शोधायची घरातली यंत्रणा अडली आहे. पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर फोन जोडलेला असला की हमखास असं होतं, कारण ते नेटवर्क मुद्दाम बाकीच्या यंत्रांपासून तोडलेलं असतं. बऱ्याचदा तिथे आकडासुद्धा उघडत नाही. होमस्टेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पत्त्याचं दुखणं आपल्याकडे लाइट गेल्यावर उपटतं. वीज परत आली की राउटर नव्यानं पत्ते वाटू लागतो, आणि काल ज्या सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी २३ होता त्याला आज ३१ मिळतो. फोनमधली जुनी खूण २३ वरच टकटक करत राहते. उपाय सोपा आहे. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या जोडाची जी स्वतःची ओळखखूण असते तिला, एक आकडा कायमचा राखून ठेवा. फक्त एक खाच आहे, तिच्यात मी स्वतः अडकलोय. सर्व्हरच्या वायफायचा मॅक पत्ता वेगळा असतो आणि केबलच्या जोडाचा वेगळा. वायफायवरून केबलवर आलात तर राखीव आकडा नव्यानं करावा लागतो. आणि राउटर ज्या आकड्यांतून वाटप करतो, त्यातलाच एखादा सर्व्हरवर हातानं लिहून टाकू नका. कधी ना कधी राउटर तोच आकडा पाहुण्याच्या फोनला देतो, मग दोघं एकाच दारावर भांडतात आणि सर्व्हर कधी चालतो, कधी चालत नाही.

राउटर आणि फायबरचा डबा यांना लहान यूपीएस लावा. वीज येते-जाते त्या खेळात सर्व्हर आधी जागा होतो, राउटर अजून उठतोय, सर्व्हर दोन-चारदा हाका मारतो आणि गप्प बसतो.

आता हवेतल्या दुव्याकडे येतो. गुहागरला गेलो तेव्हा काकूंनी आधी गरम चहा दिला, मग मी पंपाच्या पेटीजवळ छत्री धरून उभा राहिलो. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत निर्धास्त, उणे ८० च्या आसपास गेलं की रामभरोसे. मे महिन्यात मी तिथे उणे ५८ मोजून वहीत लिहिलं होतं. जुलैत आकडा आला उणे ७९. एकवीसचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या मापात दर दहाला सिग्नलची ताकद दहापट कमी होते. एकवीस म्हणजे सव्वाशे पट कमी.

राउटर तोच होता, जागा तीच, अंतर तेच. मध्ये काय आलं? पाणी. आपला जांभा चिरा सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो, हात लावला तर भिंत आतून गार लागते. वर आगरात माडांच्या झावळ्या आणि पोफळीची पानं निथळतायत. पंपाच्या पेटीत वायफायची छोटी चिप आहे, ती वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातच बोलते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यातल्या लहरींनी अन्नातलं पाणी तापवतो. म्हणजे पाणी या लहरी शोषतं, आणि आपण चार महिने पाण्याच्या आत राहतो. भिंत ओली, झाड ओलं. चूक माझी होती. मी मे महिन्यात मोजलं आणि त्यावर विसंबलो. कोकणात वायफाय मोजायचं ते आषाढात. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाऊन सुटका नाही, ते चिऱ्याच्या भिंतीत आणखी लवकर दम टाकतं.

तिथे असतानाच सर्व्हरही बघितला, कारण त्याचं वायफाय मला संशयास्पद वाटत होतं. काही महिन्यांपूर्वी दापोलीच्या एका होमस्टेमध्ये विचित्र प्रकार बघितला होता. रोज पहाटे सर्व्हर गायब, सकाळी चहापर्यंत परत हजर. पहाटे तो बॅकअप घेत असे. माहिती साठवायची डिस्क, म्हणजे एसएसडी, निळ्या, यूएसबी ३च्या खाचेत होती आणि तिची वीतभर केबल रास्पबेरी पायच्या अंगाला चिकटलेली. यूएसबी ३ जोरात धावू लागलं की त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलंय. म्हणजे सर्व्हर स्वतःच्याच कानाशी ओरडत होता आणि राउटरचं त्याला ऐकू येत नव्हतं. एसएसडी काळ्या खाचेत लावली, गोंगाट थांबला, वेग थोडा गेला. गुहागरात तीच मांडणी, मीच केलेली. तेव्हा माझं आता ठाम मत झालंय: सर्व्हर वायफायवर ठेवायचाच नाही. बल्ब, पंप, सेन्सर यांना वायफाय ठीक. सगळ्यांशी बोलायचं ज्याला काम, त्याला राउटरशी केबलनं बांधा. दोन-तीन मीटर केबल लागते.

केबलचीही देखभाल आहे, आपण समुद्राकाठी राहतो. गुहागरच्या घरी राउटरमागची जुनी केबल उपसून उजेडात धरली. टोकाच्या पारदर्शक खटक्यात आठ पिवळ्या पट्ट्या ओळीनं असतात. त्यातल्या दोनांवर हिरवट बुरशीसारखा थर होता. खारी हवा सोन्याच्या पातळ मुलाम्यातून खालच्या तांब्यापर्यंत पोचली होती. दिसायला दिवा लुकलुकतो, वेग मात्र पडलेला. असं टोक खरवडत बसू नका, कापून नवीन बसवा. राउटरची रिकामी तोंडं झाकून ठेवा.

वीजपुरवठ्याचं एका वाक्यात सांगतो: रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, जुना मोबाइल चार्जर लावलात की विजेचा दाब घसरतो, आणि मग जी नाटकं होतात ती वायफायच्या माथी मारली जातात.

पंपाचं काय केलं ते राहिलं. पहिला विचार आला तो घरापासून विहिरीपर्यंत केबल पुरण्याचा. तो सोडला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्ही बघताच. तांब्याची लांब तार आगरातून नेली तर जवळपास पडलेली वीज तिच्यावरून घरात येऊ शकते. न्यायचीच तर फायबर न्यावी. इथे तेवढीही गरज पडली नाही. घरातल्या घरात केबल मागच्या पडवीपर्यंत ओढली आणि आगराकडच्या खिडकीत एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरचं नेट वायफायनं पसरवणारा डबा, टांगला. चिऱ्याच्या दोन भिंती वाटेतून बाजूला झाल्या. ऑगस्टच्या मुसळधार पावसात उणे ६४.

तो आकडा काकूंच्या फोनवर पंपाच्या चित्राखाली दिसेल असं करून दिलं, आणि सांगितलं की रोज सकाळी दुधाचा हिशेब लिहिता त्या कॅलेंडरवर हाही लिहीत जा. त्यांनी मनावर घेतलं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "अरे, सोमवारपर्यंत चौसष्ट-पासष्ट होतं, काल एकदम चौऱ्याहत्तर. पाऊस तर उलट कमी झालाय. मी पडवीत जाऊन बघितलं. गड्यानं गोठ्याचे उरलेले पत्रे त्या खिडकीला उभे करून ठेवलेत. ते हलवायला सांगू का?"

हलवायला सांगा म्हटलं. संध्याकाळी त्रेसष्ट आलं.