पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

[दृश्य: कॉकपिट. वेगदर्शकाची तबकडी, जवळून.]

शिकाऊ वैमानिकासमोर डावीकडे वरच्या बाजूला ही तबकडी असते. वेगदर्शक. कडेने रंगीत पट्ट्या: पांढरी, हिरवी, पिवळी आणि शेवटी एक लाल रेघ. सेस्ना १७२-एस या चार आसनी विमानात हिरवी पट्टी १२९ नॉटला संपते, म्हणजे ताशी सुमारे २३९ किलोमीटरला. तिथून १६३ नॉटपर्यंत पिवळी. लाल रेघ कधीच ओलांडायची नाही, हे कुणी सांगायला लागत नाही. खरी गोम पिवळीत आहे. या वेगात जायला परवानगी आहे, पण हवा शांत असेल तरच.

आता मे महिन्यातल्या खानदेशात दुपारी शांत हवा कुठून आणायची?

[दृश्य: धावपट्टी, मृगजळ. दूरवर सातपुडा.]

धुळ्याजवळचं गोंदूर, शिरपूरजवळचं तांडे आणि जळगावचं विमानतळ. या तिन्ही धावपट्ट्यांवर वैमानिक घडले आहेत. आकाश मोकळं, मोठ्या विमानांची वर्दळ कमी, त्यामुळे शिकायला हा मुलूख चांगला. पण उन्हाळ्यात सकाळी दहालाच ‘कितलं ऊन शे भाऊ!’ ऐकू यायला लागतं आणि जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो. कपाशी निघालेली काळी, नांगरलेली जमीन तापते आणि तिच्यावरची हवा उसळून वर जाते. शेतात वावटळ उठलेली दिसते, तो या उसळीचा डोळ्यांना दिसणारा भाग. बाकीची उसळी दिसत नाही. यावल-रावेरच्या पट्ट्यात पाणी पाजलेल्या केळीच्या बागांवर हवा एवढी तापत नाही, आणि तापीच्या पात्रावरही नाही. या सगळ्यावरून एका रेषेत जाणारं विमान मिनिटभरात दोन-तीनदा वर उचललं जातं आणि खाली बसतं.

हवा खालून वर आली की पंखाला ती वेगळ्या कोनातून लागते. कोन वाढतो, तसा पंखावरचा भार वाढतो. झोत तोच असला, तरी विमान दुप्पट वेगात असेल तर धक्का साधारण दुप्पट बसतो. छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत हा हिशेब आकड्यांत मांडलेला होता. नेहमीच्या प्रवासाच्या आराखडा-वेगाला, म्हणजे ढाचा आखताना धरलेल्या वेगाला, विमानाने सेकंदाला ५० फुटांचा उभा झोत सोसला पाहिजे, आणि सूर मारतानाच्या कमाल आराखडा-वेगाला फक्त २५ फुटांचा. वेग वाढला की हमी निम्म्यावर येते. पिवळी पट्टी नेमकी या दोन वेगांच्या मधल्या टापूत रंगवलेली असते.

[दृश्य: विमानाच्या पंखाचा सांधा, हँगरमध्ये.]

विमान सोसतं किती? १७२-एसला वरच्या दिशेने ३.८ जी. एक जी म्हणजे विमानाच्या स्वतःच्या वजनाएवढा भार. पूर्ण भरलेलं हे विमान ११५७ किलोचं असतं. ३.८ जी म्हणजे पंखांनी जवळपास ४४०० किलो पेलायचे. उलट्या दिशेने मात्र १.५२ जीच. या मर्यादेपर्यंत काहीही कायमचं वाकता कामा नये. त्यापुढे दीडपटीपर्यंत ढाचा तुटू नये एवढी अपेक्षा असते. वाकला तर वाकू द्या.

पण वैमानिकाने घाबरून योक, म्हणजे समोरचं चालवायचं चाक, जोरात मागे ओढला तर? इथे पंखाचा एक गुण कामाला येतो. कोन फार वाढला की पंखावरून हवा सुटते, उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. जमिनीजवळ तो जीवघेणा ठरतो, पण उंचावर तो घरातल्या फ्यूजसारखा वागतो: भार मर्यादेपलीकडे जाण्याआधीच उडतो. ज्या वेगाच्या आत हा फ्यूज वेळेवर उडतो, त्याला मॅन्युव्हरिंग स्पीड म्हणतात. पूर्ण वजनाच्या १७२-एससाठी तो १०५ नॉट. तबकडीवर त्याची खूण नसते, आकडा लक्षात ठेवावा लागतो.

आणि या आकड्यापाशी भलेभले अडखळतात. विमान हलकं झालं, तर हा वेग वाढेल की कमी होईल? मनात पहिलं उत्तर ‘वाढेल’ असंच येतं. पुस्तकात मात्र ८६२ किलो वजनाला ९० नॉट लिहिलेले आहेत.

कारण असं. १०५ नॉटला पंख स्टॉल होण्याआधी फार तर ४४०० किलो उचल देऊ शकतो. त्याला विमानाच्या वजनाशी देणंघेणं नाही. ११५७ किलोच्या विमानाला एवढी उचल मिळाली तर ३.८ जी होतात. ८६२ किलोच्या विमानाला तीच मिळाली तर ५.१ जी! पंख कदाचित टिकेल, कारण त्याच्यावरचा एकूण भार तेवढाच आहे. पण इंजिन काही हलकं झालेलं नाही. इंजिनाचा पाळणा, बॅटरीची पट्टी, आसनांचे बोल्ट यांच्यावर आता ५.१ पट ओढ येते. म्हणून पहिल्या सोलोला, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला, इन्स्ट्रक्टर उतरून गेला, टाकीतलं पेट्रोलही थोडं जळलं, की खराब हवेत एकट्या विद्यार्थ्याने आणखी सावकाश उडायचं.

तरी या फ्यूजवर फार विसंबू नये. तो एका कंट्रोलपुरता आहे आणि एकदाच्या हालचालीपुरता. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० पुढे गेलेल्या जंबो जेटच्या मागच्या घुसळलेल्या हवेत शिरलं. सहवैमानिकाने रडर, म्हणजे शेपटीवरची डावी-उजवीकडे वळणारी पाती, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे असा पूर्ण दाबत नेला. वेग मॅन्युव्हरिंग स्पीडच्या आत होता. तरीही शेपटीचा उभा पंख उखडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. मोडतोड केली ती हवेने नाही, तिला दिलेल्या उत्तराने.

म्हणून शिकवतात ते वेगळंच: पॉवर कमी करा, पंख सपाट ठेवा, नाक क्षितिजाशी धरा, आणि उंची शंभर फूट वर-खाली झाली तर होऊ द्या. उंचीचा काटा पकडायला धावणारा विद्यार्थी विमानावर स्वतःचे धक्के चढवत असतो. अति सावकाश जाणंही परवडत नाही, कारण मग झोत आला की स्टॉल लवकर गाठतो.

[दृश्य: वळवाचा ढग, खाली धुळीचा लोट.]

वळवाच्या ढगाचं गणित मात्र या सगळ्याबाहेरचं आहे. त्याच्या आत कुठलाच वेग बरोबर नसतो. जोरदार वादळापासून वीस मैल दूर राहा, एवढंच वैमानिकांना सांगतात.

मोठ्या विमानांचं तत्त्व हेच, आकडे वेगळे. बोइंग ७३७ खराब हवेत साधारण २८० नॉट किंवा खूप उंचावर मॅक ०.७६, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ७६ टक्के, धरतं. प्रवासी विमानांची मर्यादा २.५ जी, वर दीडपटीची राखण. जानेवारी १९९५ मध्ये बोइंगने ७७७ चे पंख मुद्दाम तुटेपर्यंत वाकवले. ते मर्यादेच्या १५४ टक्क्यांना तुटले, तोवर टोकं सुमारे २४ फूट वर गेली होती. खिडकीतून पंख हलताना दिसला की पोटात गोळा येतो, पण न हलणारा पंख जास्त काळजीचा.

माणसाला अशी दीडपटीची राखण कुणी देत नाही. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७ मध्ये, २१ मे २०२४ ला म्यानमारवर, ०.६ सेकंदात भार +१.३५ जीवरून –१.५ जीवर गेला. पट्टा न लावलेली माणसं छताला आपटली आणि पुढच्या चार सेकंदांत खाली कोसळली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. या सगळ्यात विमानाची उंची बदलली फक्त १७८ फूट. ते धडपणे बँकॉकला उतरलं. त्यानंतर त्या कंपनीने नियम कडक केला: पट्ट्याचा दिवा लागलेला असताना चहासारखी गरम पेयं आधीच बंद होती, आता जेवण वाढणंही थांबवलं.