एक विषाणू, दोन फ्लास्क

(दृश्य: शेजारीशेजारी दोन फ्लास्क, मग सूक्ष्मदर्शकाखाली)

दोन्हींत डेंगीचाच विषाणू. डावीकडे माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशी, 37 अंशांवर. उजवीकडे एडिस अल्बोपिक्टस डासाच्या सी6/36 पेशी, 28 अंशांवर. आठवडाभरात डावीकडच्या पेशी गोल होतात, तळ सोडतात. उजवीकडेही काही पेशी एकमेकींत मिसळतात, काही मरतात. पण थर पुन्हा भरून येतो. विषाणू मात्र आतच असतो.

(दृश्य: स्क्रॅपरने पेशी सोडवणारा हात)

उजवीकडच्या सी6/36 पेशींचा मूळ वाण पुण्याचा. तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी 1967 साली तो डासाच्या अळ्यांपासून तयार केला. 1978 साली इगाराशी यांनी त्यातून सी6/36 हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला वंश, वेगळा काढला. पेशी तळाला हलक्या चिकटतात, त्यामुळे त्या सोडवायला ट्रिप्सिन हे एन्झाइम लागत नाही. लिबोविट्झ एल-15 या पोषक माध्यमात कार्बन डायऑक्साइडही नको. झाकण घट्ट लावायचं. फ्लास्क चुकून व्हेरोच्या इन्क्युबेटरमध्ये गेला तर पेशी उष्णतेने खालावतात, आणि खापर विषाणूवर फुटतं.

संसर्ग देताना जुनं माध्यम काढायचं. दहा पेशींमागे एक विषाणू, एवढंच प्रमाण. तासभर अधूनमधून फ्लास्क कलता करत राहायचं, म्हणजे पेशी कोरड्या पडत नाहीत. मग 2 टक्के सीरमचं माध्यम. पुढे दर आठवड्याला पेशी नव्या फ्लास्कमध्ये आणि वरचं पाणी, म्हणजे विषाणू असलेलं माध्यम, उणे 80 अंशांवर.

(दृश्य: क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलेल्या प्लेटा, एकामागून एक)

तेच पाणी नंतर सस्तन पेशींच्या थरावर तपासतात. जांभळ्या थरातलं प्रत्येक पांढरं भोक म्हणजे एका विषाणूने सुरू केलेली पडझड. सुरुवातीच्या प्लेटवर भोकंच भोकं. पुढच्या प्लेटांवर ती विरळ होतात, बहुतेकदा लहानही. पण संपत नाहीत.

(दृश्य: अॅनिमेशन)

विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, स्वतःची नक्कल काढताना काही काळ दुपदरी होतो. डासात तिथेच तो पकडला जातो. डायसर-2 हे प्रथिन त्याचे 21 अक्षरांचे (आरएनएच्या मूळ घटकांचे) तुकडे पाडतं. आर्गोनॉट-2 त्यातला एक पदर हाती धरून जुळणारा विषाणू-आरएनए शोधतं आणि कापतं. विषाणू सगळा संपत नाही, माजतही नाही.

गंमत अशी, की सी6/36 मध्ये डायसर-2 चं जनुकच मोडकं आहे. म्हणून तर तिच्यात विषाणू भरपूर वाढतो आणि प्रयोगशाळांना ती आवडते. तरी ती तगते. तिच्याकडे 24 ते 30 अक्षरांचे पायआरएनए, म्हणजे आणखी एका प्रकारचे छोटे आरएनए, आहेत. शिवाय कीटकांच्या जीनोममधल्या रेट्रोट्रान्सपोझॉनचं (स्वतःची प्रत काढून दुसरीकडे बसणाऱ्या डीएनएचं) एन्झाइम विषाणूच्या आरएनएच्या तुकड्यांची डीएनए-प्रत काढतं. पेशीला त्या प्रतींतून विषाणूविरुद्धचे नवे छोटे आरएनए मिळत राहतात. एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध देऊन हे प्रत काढणं थांबवलं, तेव्हा संसर्ग झालेले डास तग धरू शकले नाहीत, मेले.

संसर्ग झालेला डास निरोगी राहून आयुष्यभर डेंगी पसरवू शकतो, तो याच सहनशीलतेमुळे.

(दृश्य: द्रव नायट्रोजनच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या कुप्या)

आता या गोठवलेल्या कीटक-पेशींच्या कुप्या. सुंदर, चकचकीत, जोमाने वाढणाऱ्या पेशी. त्यावरून त्या विषाणूमुक्त आहेत हे सिद्ध होत नाही. 1975 साली एडिस इजिप्तीच्या पेशींत 'सेल फ्यूजिंग एजंट' विषाणू सापडला, तोही दुसऱ्या पेशी एकमेकींत मिसळू लागल्या म्हणून. लष्करी अळीच्या एसएफ9 पेशी, ज्यांत लशींची प्रथिनं बनतात, त्यांतला ऱ्हॅब्डोव्हायरस हा विषाणू 2014 साली उघड झाला. पीसीआर ही चाचणी फक्त ज्याचे प्रायमर (ओळखीचे छोटे तुकडे) टाकले तेच दाखवते. छोट्या आरएनएचं अनुक्रमण करून आलेखात 21 अक्षरांच्या तुकड्यांचा उंचवटा शोधला तर अनोळखी विषाणूचाही माग लागतो. सी6/36 मध्ये मात्र तो उंचवटा दिसणारच नाही. तिथे सगळा आरएनए वाचावा लागतो.