खाल्लेले अंगी लागते ते कुठे

श्रोतेहो, नमस्कार. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास, भाजी न लावता, सावकाश चावून पाहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतील अमायलेज नावाचे विकर भाकरीतील पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवू लागलेले असते. पचनाचा हा एवढाच टप्पा आपल्याला जिभेवर कळतो. पुढचे सारे काम आपल्या नकळत चालते.

जठरात घास घुसळला जातो आणि तेथील तीव्र आम्लात पेप्सिन हे विकर प्रथिने तोडू लागते. जेवणानंतर घशाशी आंबट पाणी आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, पण ते आंबट पाणी म्हणजे जठरातले आम्ल असते. खरे पित्त कडू आणि हिरवट-पिवळे असते, ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि लहान आतड्याच्या पहिल्या, वीतभर लांबीच्या भागात उतरून तेलातुपाचे बारीक थेंब करते. त्याच ठिकाणी स्वादुपिंडाचा रस येऊन जठरातून आलेले आम्ल शमवतो आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिघांवरही काम करणारी विकरे सोबत आणतो.

मात्र इथवर आलेला घास पोटात असूनही शरीराचा झालेला नसतो, कारण अन्ननलिका ही तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारी एक सलग पोकळी आहे, आणि तिची भिंत ओलांडून आत गेलेले तेवढेच अंगी लागते. हे ओलांडणे मुख्यतः लहान आतड्यात होते. साधारण सहा मीटर लांबीच्या या नळीचे आतले अस्तर हातात घेतले तर मखमलीसारखे लागेल, कारण त्यावर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे असंख्य उंचवटे दाटीने उभे असतात. प्रत्येक उंचवट्यावर पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशी काही दिवसांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात. साखर आणि प्रथिनांचे घटक या थरातून रक्तात शिरतात व थेट यकृताकडे जातात. स्निग्ध पदार्थ बहुतांशी लसीकावाहिन्यांच्या वेगळ्या वाटेने, छातीतून वर जाऊन, मानेपाशी रक्ताला मिळतात.

या थराची एक रीत मला विशेष मोलाची वाटते. ग्लुकोज आत घेणारे एक दार असे आहे की ते ग्लुकोज आणि मिठातले सोडियम दोन्ही एकत्र आले तरच त्यांना आत घेते, आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही आत ओढले जाते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही कल्पना मांडली. पटकीत आतडे भराभर पाणी बाहेर टाकू लागते, नुसते पाणी वा नुसते मीठ नीट शोषले जात नाही, तरी ग्लुकोज-सोडियमच्या जोडीचे हे दार शाबूत राहते. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजण्यास सुरुवात केली. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चारच्याही खाली आले. मोठे आतडे उरलेले पाणी टिपून घेते, परंतु अशा वेळी जीव वाचतो तो लहान आतड्याच्या या दारामुळे.

घरात मुलाला जुलाब लागले आणि ओआरएसची, म्हणजे पाण्यात मिसळून पाजायच्या अशाच साखर-मिठाच्या मिश्रणाची, पुडी जवळ नसली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ नीट विरघळवून घ्या. ते एकदम पाजू नका; वाटीचमच्याने थोडे थोडे द्या, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या, आणि मूल मलूल दिसू लागले किंवा त्याची लघवी कमी झाली तर दवाखाना गाठा, पण वाटेतही चमचा थांबू देऊ नका.