तोच विषाणू, पुन्हा एकदा

श्रोतेहो, नमस्कार. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना वारंवार गाठणाऱ्या एका विषाणूविषयी आज बोलायचे आहे. त्याचे नाव सायटोमेगॅलोव्हायरस. रुग्णालयात सगळे त्याला सीएमव्ही म्हणतात. कांजिण्या आणि नागीण ज्याच्यामुळे होतात, त्या विषाणूच्याच कुळातला हा. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांना त्याची लागण लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते. पण तो शरीर सोडून जात नाही, पेशींत निपचित पडून राहतो. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट अशी औषधे देऊन आम्ही प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतो, तेव्हा तो डोके वर काढतो. दात्याला पूर्वी लागण झालेली आणि रुग्णाला कधीच नाही, अशी जोडी असेल तर धोका सर्वांत जास्त.

म्हणून पहिले 3 ते 6 महिने बऱ्याच रुग्णांना व्हॅलगॅन्सिक्लोविर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या थांबल्यानंतरचे काही महिने जपण्याचे. सकाळची टॅक्रोलिमसची गोळी खिशात ठेवून, आधी रक्त तपासायला देण्यासाठी रांगेत बसलेल्या रुग्णाच्या हातात एक वही असते: वजन, रक्तदाब, लघवीचे माप. त्यात कोपऱ्यात लिहिलेले असते, ‘संध्याकाळी कणकण, दोनदा जुलाब’. रक्तात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसतात आणि पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो.

एकदा बरे झाल्यावर हेच दुसऱ्यांदा झाले, की घरातली माणसे स्वतःला दोष देऊ लागतात. डबा शिळा होता का, पाणी उकळायचे राहिले का, असे विचारतात. मला हे ऐकवत नाही. स्वच्छता हवीच, परंतु हा विषाणू सहसा बाहेरून नव्हे, आतूनच पुन्हा उठतो.

उपचार निदान 2 आठवडे, आणि पीसीआरमध्ये विषाणू दिसेनासा होईपर्यंत, मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार ठरवलेल्या पूर्ण मात्रेत घ्यावे लागतात. व्हॅलगॅन्सिक्लोविर महाग आहे, त्यामुळे दोन गोळ्यांच्या जागी एक घेऊन महिना भागवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांची ओढाताण मला कळते. मात्र अपुऱ्या मात्रेत विषाणू मरत नाही. त्याच्या यूएल 97 या जनुकात बदल होऊन तो औषधाला दाद देईनासा होतो. मग अनेकदा वापरावे लागणारे फॉस्कार्नेट हे दुसरे औषध मूत्रपिंडालाच इजा करू शकते, म्हणजे जे वाचवायचे तेच पणाला लागते.

तेव्हा पैशांची अडचण असेल तर गोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना सांगा. आणि उपचार संपल्यावरही पुढच्या पीसीआरची तारीख त्याच वहीत लिहून घ्या.