क्लब मागे निघण्यापूर्वी

[दृश्य: टीवर चेंडू. मागे क्लबचं तोंड, गवताच्या जरासं वर.]

गोल्फपटू जॅक निकलसचे जुने स्विंग पडद्यावर पाहाल, तेव्हा चेंडूमागे क्लब, म्हणजे गोल्फची काठी, कुठे आहे ते बघा. तो जमिनीला टेकलेला नसतो. 1962 ते 1986 या काळात 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकलेला हा खेळाडू क्लब गवताच्या किंचित वर, अधांतरी धरून उभा राहायचा. मग हनुवटी हळूच उजवीकडे वळायची आणि पाठोपाठ क्लब मागे निघायचा.

हा फक्त लकबीचा भाग नव्हता. गोल्फमध्ये चेंडू जागचा हलत नाही. टेनिसमध्ये समोरून येणारा चेंडूच शरीराला जागं करतो; इथे तसा इशारा कोणी देत नाही. ॲड्रेस घेतलेला, म्हणजे फटक्यासाठी चेंडूपाशी पवित्रा घेऊन उभा राहिलेला खेळाडू लक्ष्याकडे बघतो, चेंडूकडे बघतो, पुन्हा लक्ष्याकडे बघतो. जितका वेळ तो निश्चल राहतो, तितकी त्याची बोटं क्लबवर आवळत जातात. बोटांमागून मनगटं ताठरतात, मग हात, मग खांदे. अशा ताठरलेल्या अवस्थेतून एकदम निघायचं म्हटलं की आधी हलतात ते हातच. छाती अजून जागेवर असते आणि हातांनी क्लबला हिसका दिलेला असतो. कोणाचा क्लब पाठीमागे आत ओढला जातो, कोणाचा सरळ वर उचलला जातो. संपूर्ण बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे-वर नेणं, जेमतेम पाऊण-एक सेकंदाचा. सुरुवातीलाच वाट चुकलेला क्लब एवढ्या वेळात रुळावर आणणं कसलेल्या खेळाडूलाही जड जातं.

म्हणून बॅकस्विंग सुरू होण्याआधीच शरीरात काहीतरी हलतं असावं लागतं.

[दृश्य: मनगटांची सैल हालचाल, क्लबहेड (क्लबचं खालचं डोकं) चेंडूमागे पुढे-मागे.]

याचा सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे वॅगल. क्लबहेड चेंडूमागे हलकेच पुढे-मागे करायचं, एवढंच. पण जुन्या पिढीतला गोल्फपटू बेन होगन याने त्याकडे फार गंभीरपणे पाहिलं. त्याच्या दृष्टीने वॅगल ही येणाऱ्या फटक्याची रंगीत तालीम होती. हळुवार, उंच पिच (जवळच्या अंतराचा फटका) खेळायचा असेल तर वॅगलही हळुवार. खालून वेगाने जाणारा फटका मारायचा असेल तर वॅगलही झटपट, नेमकं. 2003 मध्ये मास्टर्स जिंकणारा डावखुरा माइक वीअर तर क्लब बराच मागे नेऊन टेकअवेची, म्हणजे बॅकस्विंगच्या सुरुवातीची, वाट आधी चालून बघायचा, परत चेंडूपाशी यायचा आणि मग खरा स्विंग सुरू करायचा.

वॅगलचा एक धोका मात्र खरा आहे. मोजमाप सुटलं की तीच हालचाल खेळाडूला अडकवून ठेवते. 2002 च्या यूएस ओपनमध्ये, बेथपेजच्या मैदानावर, सर्जिओ गार्सिया क्लबवरची पकड पुन्हा पुन्हा आवळायचा-सोडायचा आणि प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे. 2012 च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये तिसऱ्या फेरीअखेर आघाडीवर असलेल्या केव्हिन ना या खेळाडूला क्लब मागे नेणंच अवघड होऊन बसलं होतं. ती दृश्यं पाहताना आजही जीव तुटतो. वॅगल किती वेळा करायचं ते सरावातच ठरवावं, एकदा किंवा दोनदा, आणि शेवटचं वॅगल झालं की थांबू नये. नियमही हेच सुचवतात: अडथळा नसेल तर फटका 40 सेकंदांच्या आत खेळावा.

[दृश्य: गुडघा आणि पाय, जवळून.]

दुसरा मार्ग फॉरवर्ड प्रेसचा. आधी लक्ष्याच्या दिशेने किंचित जायचं आणि तिथून परतताना क्लबला सोबत न्यायचं. गॅरी प्लेअर उजवा गुडघा हलकेच आत दाबायचा, की स्विंग सुरू. काही जण गुडघ्याऐवजी हात पुढे दाबतात. पूर्ण स्विंगसाठी मी गुडघा किंवा कंबर निवडेन, कारण हात पुढे गेले की क्लबच्या तोंडाचा कोन बदलू शकतो. गुडघ्याच्या एवढ्याशा हालचालीने त्याला फारसा धक्का लागत नाही. त्याहून बारीक उपाय पावलांत आहे: भार क्षणभर डाव्या पायावर, मग उजव्यावर. बघणाऱ्याला तो कळतही नाही. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

आणि तिसरा, निकलसचा अधांतरी क्लब. क्लब जमिनीवर दाबून धरला की मागे नेताना तो गवतात अडकतो. रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, तर क्लब टेकवताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड बसतो. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चेंडूच्या लगेच मागे-पुढे वाळूला क्लब लावायलाच बंदी आहे, त्यामुळे तिथे हे सगळ्यांनाच करावं लागतं. जे वाळूत जमतं ते गवतावरही करून पाहायला काय हरकत आहे?

[दृश्य: टेकअवे, संथ गतीत.]

क्लब निघाला, की पहिला फूटभर तो जमिनीलगत जाऊ द्यावा. खांदे, हात आणि क्लब एकत्र. मनगटांना घाई नको. दांडा कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर आला की क्लबहेड हातांच्या मागे, आतल्या बाजूला गेलेलं नसावं. क्लबहेडचं टोक वर किंवा चेंडूकडे जरासं झुकलेलं असावं.

‘मागे हळू न्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अपुरा वाटतो. अति हळू नेलेला क्लब थरथरतो आणि वर पोचल्यावर खेळाडू घाईने खाली झेपावतो. चांगल्या खेळाडूंच्या चित्रणातल्या फ्रेम मोजल्या, तर मागे जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या साधारण तिप्पट भरतो, मग स्विंग एकूण जलद असो वा संथ. जपायचं आहे ते हे प्रमाण.

[दृश्य: सरावाची जागा. दोन चेंडू.]

सरावासाठी दोन गोष्टी. क्लबहेडच्या लगेच मागे दुसरा चेंडू ठेवा आणि टेकअवे करताना तो सरळ मागे घरंगळू द्या. हिसका बसला किंवा क्लब उचलला गेला, तर चेंडू तिरका पळतो किंवा जागीच राहतो. दुसरं, क्लबहेड चेंडूच्या फूटभर पुढे, लक्ष्याच्या बाजूला हवेत धरा आणि तिथून चेंडूवरून मागे झोका घ्या. चेंडूपाशी येईपर्यंत क्लब आधीच चालू झालेला असतो, त्यामुळे हातांना ओढायला काही उरतच नाही. सुरुवातीला हे फटका न मारता करा, मग छोट्या आयर्नने (कमी अंतराच्या फटक्यांच्या क्लबने) अर्ध्या स्विंगचे फटके मारा. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब, सगळ्यात शेवटी.