मनात येईल तो आकडा

नमस्कार श्रोतेहो. एक ते दहामधला एक आकडा पटकन मनात धरा. धरलात? पुष्कळांनी सात धरला असणार. एक आणि दहा कडेचे, पाच मधला, सम आकडे फारच सरळ. मोठी माणसं नकळत हे सगळे गाळतात आणि सातावर येऊन थांबतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा हाउझी होती. तिकिटं वाटून झाली आणि आकड्यांची पिशवीच सापडेना. हल्ली मोबाइलवर अ‍ॅप असतं म्हणे, पण पिशवी खळखळल्याशिवाय हाउझी कसली? असो. खजिनदार काका म्हणाले, "त्यात काय, मी मनाने बोलतो." झाले सुरू. सदतीस, त्र्याहत्तर, एकोणसाठ, सत्तेचाळीस. वीस नाही, तीस नाही, पन्नास नाही. एक काकू वीस, चाळीस, साठवर बोट ठेवून ताटकळलेल्या. शेवटी म्हणाल्या, "अहो, शून्याशी भांडण आहे का तुमचं?"

मग माइक गेला पाच वर्षांच्या एका चिमुरडीकडे. ती ओरडली, "पाच!" का, तर तिचं वय पाच. पुढे सहा, सात, आठ, नऊ, ओळीने. बाराला अडली, विचारात पडली आणि पुन्हा, "पाच!" काका म्हणाले, "अगं, पाच झाला." "हो, पण मला परत हवाय!" मांडवात हशा. अखेर नव्वद चिठ्ठ्या करून त्या स्टीलच्या डब्यात टाकल्या.

तर लहान मूल मोजत सुटतं, नाहीतर आवडता आकडा धरतं. मोठा माणूस आकडा पुन्हा येऊ देत नाही. पुन्हा सांगते, मोठा माणूस पुन्हा येऊ देत नाही. खरा फासा मात्र दर सहा वेळांत सरासरी एकदा मागचाच आकडा दाखवतो.

निकोला गोव्री, हेक्टर झेनिल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ४ ते ९१ वर्षांच्या ३,४०० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनाने नाणं उडवा, मनाने फासा टाका, अशी कामं दिली होती. सगळ्यात बेभरवशाची, म्हणजे खऱ्या नाण्या-फाशासारखी, उत्तरं आली पंचविशीच्या आसपास. साठीनंतर घसरण.

आज जेवणं झाली की घरातल्या मोठ्यांना बारा वेळा छापा-काटा मनानेच लिहायला सांगा. मग खरं नाणं बारा वेळा उडवा. खऱ्या नाण्यात बहुतेक वेळा तीन छापे किंवा तीन काटे ओळीने सापडतील. कागदावर सापडतात का, ते बघा.