झाडं नंतर, आधी पडदा वर करा

या या, पुढे जागा आहे अजून. प्रोजेक्टर काही सुरू व्हायचं नाव घेत नाहीये, तेव्हा स्लाइड्स राहू देत, बोलूनच करू.

तुमच्या ऑफिसात झाडं आहेत त्यांनी जरा हात वर करा. बघा, जवळपास सगळेच. आता स्वतःच्या खुर्चीत बसल्या बसल्या ज्यांना आभाळ दिसतं, फक्त त्यांनीच हात वर ठेवा. पडले ना भराभर हात? झालं, माझं अर्धं व्याख्यान इथेच संपलं.

बायोफिलिक डिझाइन, म्हणजे राहत्या-कामाच्या जागेत निसर्ग आणायचा, हा शब्द हल्ली प्रत्येक इंटिरियरवाल्याच्या तोंडी असतो. माणसाला सजीव सृष्टीची उपजत ओढ असते ही कल्पना जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये 'बायोफिलिया' या पुस्तकातून लोकांपुढे आणली आणि योगायोग बघा, त्याच वर्षी रॉजर उलरिच या संशोधकांचा एक छोटासा पेपर आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे जुने रेकॉर्ड त्यांनी काढले, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि तसेच दुसरे २३, त्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना स्ट्राँग पेनकिलरही कमी लागल्या. पेशंट थोडेच आहेत, मान्य, पण यात कुंडी कुठे आहे सांगा? कुंडी नाहीच, खिडकी आहे.

पण खिडकी महाग आणि कुंडी स्वस्त, म्हणून आपण कुंड्या आणतो. वर कुणीतरी सांगतंच, अहो नासाने सिद्ध केलंय की झाडं हवा साफ करतात. नासाचा अभ्यास खरा आहे, १९८९ चा, पण तो झाला लहानशा हवाबंद पेट्यांमध्ये. ऑफिस म्हणजे पेटी नव्हे ना, तिथे दारं उघडतात, एसी हवा फिरवतो. २०१९ मध्ये संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले तर निघालं असं की साध्या व्हेंटिलेशनची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मग टेबल कुठे ठेवणार, झाडावर? मीटिंग रूममध्ये दहाजण दार लावून तासभर बसले की जांभया सुरू होतात, त्याला मनी प्लांट काय करणार, तिथे ताजी हवाच आत यायला पाहिजे. झाडं जरूर लावा, बघायला छान वाटतं, पण एअर फिल्टर म्हणून नको.

आता उजेड, इथे मी जरा रेंगाळणार आहे. उजेड मोजतात लक्समध्ये. ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात, नियमात बसतं, काम होतं. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा १०,००० च्या आसपास असतात आणि लख्ख उन्हात एक लाख. डोळ्याला हा फरक जाणवत नाही कारण डोळा लगेच जुळवून घेतो, पण शरीराच्या घड्याळाला कळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत ज्यांचं मुख्य काम बघणं नाहीच, उजेड किती आहे एवढं मेंदूला कळवत राहायचं, म्हणजे दिवस कधी आणि रात्र कधी ते. सकाळपासून ज्याला धड उजेडच मिळाला नाही त्याचं घड्याळ ढिलं पडतं, मग रात्री झोप उशिरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी.

आणि खिडकी असूनही काय होतं ते सांगतो. एका ऑफिसात गेलो होतो, अख्खी एक बाजू काचेची, बाहेर मोठमोठी झाडं आणि सगळे ब्लाइंड्स खाली, आत भर दुपारी ट्यूबलाइट. विचारलं तर म्हणाले स्क्रीनवर ग्लेअर येतो. कधी येतो? चारनंतर तासभर. म्हणजे कधीतरी कुणीतरी चार वाजता पडदा पाडला आणि परत वर करायचं काम कुणाचंच नाही म्हणून तो तसाच, दोरीवर धुळीचा थर. खांबामागे एक मनी प्लांट होता, लांबलचक वेल आणि दोन पानांमध्ये वीतभर अंतर, उजेड शोधत निघालेला बिचारा. त्याच्या शेजारीच एकजण रोज ९ तास बसत होता! आम्ही खर्च काही केला नाही, टेबलं काटकोनात फिरवली म्हणजे खिडकी स्क्रीनच्या मागे-पुढे न येता बाजूला येते, आणि सकाळी पडदे वर करायचं काम एकाच्या गळ्यात मारलं.

सिएटलला ॲमेझॉनने काचेचे मोठे गोल बांधलेत, २०१८ मध्ये उघडले, आत सुमारे ४०,००० झाडं. बघण्यासारखं आहे, पण तिथे कुणाचं कायमचं टेबल नाही, लोक मीटिंगला किंवा घटकाभर बसायला जातात. तुमचा दिवस जातो तो टेबलाशी.

अजून एक गोष्ट, आणि ही मॅनेजर मंडळींसाठी. इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला. काहींना रिकामं टेबल दिलं, काहींना झाडं आणि चित्रं लावून दिलेलं, आणि काहींना सांगितलं तुमचं तुम्ही लावा. सजवलेलं रिकाम्यापेक्षा बरं ठरलं, पण स्वतः लावणाऱ्यांचं काम सगळ्यात सरस झालं. चौथ्या गटालाही स्वतः लावू दिलं आणि मग त्यांच्यासमोरच सगळं पुन्हा हलवलं, तर तो फायदा गायब! झाडं तीच, चित्रं तीच.

मागून प्रश्न आलाय, कोणतं झाड लावू? उजेड कमी असेल तर स्नेक प्लांट नाहीतर मनी प्लांट, दोन्ही चिवट आहेत, पाण्यावाचून तग धरतात, मरतात ती जास्त पाण्याने. मातीत बोट घालून बघा, ओलं लागलं तर थांबा. आणि उरलेली कॉफी कुंडीत ओतू नका, चिलटं होतात.